शरणागत आणि सत्यव्रत

महाभारताच्या कर्णपर्वात, युद्ध ऐन भरात असताना आणि गांडीवाची अवहेलना ऐकून संतापलेला अर्जुन आपल्या ज्येष्ठ भ्रात्यावरच खड्ग उपसून उभा असताना, श्रीकृष्ण त्याला एका तपस्व्याची कथा सांगतो. कौशिक नावाचा हा ब्राह्मण नद्यांच्या संगमावर, गावापासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी राहत असे, आणि काहीही झाले तरी सत्यच बोलायचे हे त्याचे व्रत सर्वत्र प्रसिद्ध होते. एके दिवशी लुटारूंच्या भयाने पळालेली काही माणसे त्या अरण्यात शिरली. पाठोपाठ लुटारू आले. माणसे कोणत्या वाटेने गेली असे त्यांनी कौशिकाला विचारले, आणि व्रतस्थ कौशिकाने ती वाट त्यांना जशीच्या तशी सांगितली. माणसे मारली गेली, आणि सत्यवादी म्हणून जन्मभर ख्याती मिळवलेला तो तपस्वी घोर नरकात गेला. ज्या परंपरेने सत्याला परमधर्म मानले तिनेच एका सत्यवचनी पुरुषाला खरे बोलल्याबद्दल नरकात धाडावे, यातला विरोध वरवरचा नाही. तो धर्मविचाराच्या मुळाशीच हात घालणारा आहे.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न दोन विचारवंतांत वादाचा विषय झाला. फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टां याचे म्हणणे असे की, सत्य सांगणे हे कर्तव्य खरे, परंतु त्या सत्यावर ज्याचा हक्क पोचतो त्याच्यापुरतेच. दुसऱ्याच्या घातासाठी निघालेल्याचा सत्यावर हक्क कसला? इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये एक छोटेखानी निबंध लिहून हे मत खोडून काढण्याचा यत्न केला. घरात आश्रयाला आलेल्या मित्राच्या मागावर असलेला मारेकरी दारात उभा राहून 'तो आत आहे काय' असे विचारू लागला, तरीदेखील त्याच्याशी खोटे बोलता येणार नाही. कारण सत्यवचन हे एका माणसाचे दुसऱ्याला असलेले देणे नसून सर्व करारांचा आणि पर्यायाने सर्व न्यायाचा पाया आहे, आणि तो एकदा पोखरला की अपराध अखिल मानवजातीचा घडतो, असा त्याचा युक्तिवाद होता. कांटच्या या कठोरपणाची पुढे पुष्कळ टवाळी झाली. तथापि त्याने प्रश्न मांडतानाच 'हो' किंवा 'नाही' म्हटल्यावाचून गत्यंतर नाही अशी अट घालून ठेवली आहे, हे टवाळी करणारे बहुधा विसरतात. श्रीकृष्णाचा उपदेशही असत्याच्या समर्थनाने सुरू होत नाही. न बोलण्याने सुटका होत असेल तर तोंडातून अक्षर काढू नये, आणि बोलणे अटळच झाले, किंवा न बोलण्यानेच संशय बळावू लागला, तर मात्र तेथे असत्यच श्रेयस्कर, असा त्याचा क्रम आहे. म्हणजे दोघांचा मतभेद आहे तो मौनाची वाट खुंटल्यानंतरचा; ती वाट खुली असेतोवर जर्मन तत्त्वज्ञाला आणि द्वारकेच्या राजाला एकमेकांशी भांडण्याचे कारण नाही.

ग्रंथांतला हा वाद आज अमेरिकेतल्या शहरांच्या गल्लीबोळांत येऊन उभा राहिला आहे. परदेशांतून येऊन परवान्याशिवाय राहणाऱ्यांना हुडकून देशाबाहेर घालवण्याचे काम तेथे २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'आइस' या खात्याकडे आहे. शाळा, इस्पितळे आणि प्रार्थनास्थळे येथे शक्यतो धरपकड करू नये, असा त्या खात्याचा २०११ पासूनचा लेखी शिरस्ता होता. नव्या राजवटीने जानेवारी २०२५ मध्ये, सत्तेवर येताच, तो रद्द केला. त्याच महिन्यात क्वेकर पंथाच्या काही मंडळांनी सरकारविरुद्ध मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयात दावा गुदरला, त्यात एक बाप्टिस्ट संघटना आणि सॅक्रामेंटोचे शीख गुरुद्वारही सामील झाले, आणि फेब्रुवारीत न्यायालयाने या वादींच्या प्रार्थनास्थळांपुरते जुनेच निर्बंध पाळावेत असा अंतरिम मनाईहुकूम दिला. शस्त्र हाती न धरणारा क्वेकर आणि कृपाण धारण करणारा शीख एकाच दाव्यात वादी व्हावेत, हा योग विरळाच.

परंतु धरपकड काही देवळापुरती नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागो शहरात मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा लिटल व्हिलेज आणि पिल्सन या मेक्सिकन वस्त्यांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच पहारे बसवले. शाळा सुटण्याच्या वेळी कोपऱ्याकोपऱ्यावर माणसे उभी राहू लागली. बाहेर पडायला धजत नसलेल्या कुटुंबांचा वाणसौदा कोणी आणून देऊ लागले. आणि दुकानांतून, चर्चमधून, वाचनालयांतून प्लास्टिकच्या शिट्ट्या फुकट वाटल्या जाऊ लागल्या. सरकारी गाड्या दिसल्या तर तुटक तुटक फुंकर, आणि कोणाला प्रत्यक्ष पकडू लागले तर लांबलचक, अखंड फुंकर, असा त्या शिट्ट्यांचा संकेत ठरला. पहाऱ्यावरच्यांना आधी शिकवण दिलेली असते: अंमलदाराच्या अंगाला हात लावू नये, वाट अडवू नये, काही पावले मागे राहून चित्रण करावे, गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ टिपून घ्यावी, आणि ज्याला नेले जात आहे त्याचे नाव त्याच्याच तोंडून विचारून घ्यावे, म्हणजे निदान घरच्यांना तरी कळवता येईल. हे काम बिनधोक मुळीच नाही. जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिस शहरात अशाच मोहिमेच्या काळात खुद्द अमेरिकन नागरिक सरकारी गोळीला बळी पडले.

या सगळ्या खटाटोपात आपल्या प्रश्नाशी जिचा अगदी निकटचा संबंध आहे, ती वस्तू एखाद्या भेटपत्रिकेएवढी असते. कॅलिफोर्नियातील एका विधिसाहाय्य संस्थेने सिद्ध केलेले हे लाल पत्रक अनेक भाषांतून लाखोंनी वाटले गेले आहे. एका बाजूला घरातल्या माणसासाठी सूचना असतात: दार उघडू नका, प्रश्नांना उत्तरे देऊ नका, वकिलाशी बोलल्याखेरीज कशावरही सही करू नका. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत अंमलदारासाठी निवेदन असते, की मला बोलायचे नाही आणि न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट असल्याखेरीज मी घरात येऊ देत नाही. ते खिडकीच्या काचेवर धरायचे किंवा दाराखालून सरकवायचे. समोरून वॉरंट आले तर ते कसे वाचावे हेही स्वयंसेवक वस्तीत शिकवत हिंडतात. कागदाच्या माथ्यावर न्यायालयाचे नाव आहे की खात्याचे, आणि तळाशी सही न्यायाधीशाची आहे की त्याच खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याची, एवढेच पाहायचे. कारण खात्याने आपल्याच सहीने आपल्यालाच दिलेल्या हुकमावर कोणाच्याही घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, असा संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचा आजवर मान्य असलेला अर्थ आहे, आणि तिचे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही. ही दुरुस्ती आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा देणारी पाचवी दुरुस्ती, दोन्ही १७९१ च्या; म्हणजे कांटच्या निबंधाच्या सहा वर्षे आधीच्या.

दाराबाहेर कर्कश शिट्ट्या आणि दाराआड कडेकोट मौन, असा हा देखावा परस्परविरोधी भासेल. वस्तुतः या दोहोंत असत्याचा लवलेशही नाही. शिट्टी सांगते ते खरेच सांगते, की ते आले आहेत. मौन खोटे सांगत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. घरात कोण आहे याच्या ताकास तूर लागू न देण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे. आणि हा हक्क बिनशर्तही नाही: न्यायाधीशाची सही घेऊन येणाऱ्यासाठी दार उघडले पाहिजे, हे ते पत्रक स्वतःच मान्य करते. कॉन्स्टांने विचारले होते की सत्यावर कोणाचा हक्क पोचतो. त्याला मिळालेले हे उत्तर मला तरी समर्पक वाटते. ज्याने आपला संशय तटस्थ माणसापुढे नेऊन पारखून घेतला त्याचा हक्क पोचतो. बळाच्या भरवशावर दारावर थाप मारणाऱ्याचा पोचत नाही.

या विचाराला अमेरिकेत जे धार्मिक अधिष्ठान लाभले त्याचा उगम ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात शोधावा लागतो. १९८० च्या सुमारास एल साल्वाडोर आणि ग्वाटेमाला येथे लष्करी अत्याचारांनी कहर केला होता, आणि जीव वाचवण्यासाठी तेथून निघालेले लोक मेक्सिको ओलांडून सरहद्दीच्या वाळवंटात येऊन पोचत होते. त्या वर्षीच्या जुलैत साल्वाडोरच्या एका तांड्यातली तेरा माणसे तेथे तहानेने मेली. जिम कॉर्बेट नावाचा एक क्वेकर, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून पुढे गुरेशेळ्या पाळण्यात रमलेला, संधिवाताने हात वाकडे झालेला, १९८१ मध्ये पकडल्या गेलेल्या एका अनोळखी साल्वाडोरी माणसाची चौकशी करायला निघाला, आणि वकीलपत्राचा सरकारी नमुना मिळवून कोठडीत कैद्यांच्या सह्या घ्यायला परत जातो तो ती माणसे भलतीकडेच हलवलेली, असा अनुभव त्याला आला. कायद्याच्या वाटेनेच जायचे म्हणून त्याने आणि त्याच्या मित्रांनी जामिनाचे पैसे उभे केले, आश्रयासाठी अर्जामागून अर्ज भरून दिले. पण ज्या राजवटींना वॉशिंग्टनहून पैसा आणि शस्त्रे जात होती, त्यांच्या छळाला भिऊन कोणी पळून आला हे मान्य करणे सरकारला परवडणारे नव्हते, आणि या दोन देशांच्या अर्जदारांपैकी शेकडा तीनांनाही आश्रय मिळत नव्हता. अखेर २४ मार्च १९८२ रोजी, साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षे पुरी झाली त्या दिवशी, टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने आपण आश्रयस्थान झाल्याचे जाहीर केले. जाहीर केले म्हणजे कुजबुजीत नव्हे: दारावर फलक लावले, वार्ताहर बोलावले, आणि जॉन फाइफ या पाद्र्याने देशाच्या ॲटर्नी जनरलला आगाऊ पत्र लिहून आपण काय करणार ते कळवून टाकले.

सरकारने याला दिलेले प्रत्युत्तर सत्यासत्याच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भाविक स्वयंसेवकाचे सोंग घेतलेला एक खबऱ्या चर्चमध्ये पाठवण्यात आला; अंगावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र दडवून तो बायबलच्या अभ्यासवर्गांत बसत असे. त्याच्या टिपणांच्या आधारे १९८५ च्या जानेवारीत सोळा जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत पाद्री होते, जोगिणी होत्या. खटला उभा राहिल्यावर न्यायाधीशाने एल साल्वाडोरमधल्या परिस्थितीचा, आंतरराष्ट्रीय कायद्याचा किंवा आरोपींच्या धर्मश्रद्धेचा पुरावा ज्यूरीपुढे येऊ देण्यास मज्जाव केला. मग आरोपींनी आपल्या बाजूने एकही साक्षीदार न बोलावता कैफियत संपवली. १ मे १९८६ रोजी आठ जण दोषी ठरले. कॉर्बेट सुटला, फाइफला पाच वर्षे वर्तनाच्या अटीवर मोकळे ठेवण्यात आले, तुरुंगात मात्र कोणालाच धाडण्याचे धैर्य झाले नाही. ज्यांच्यावर कटाचा आरोप होता त्यांनी आपले कृत्य आधीच लेखी कळवले होते, आणि ज्यांनी आरोप ठेवला त्यांनी प्रार्थनेत कपट पेरले होते. दंड कोणाला झाला हे इतिहासात नमूद आहे. लज्जा कोणाला वाटायला हवी होती ते सांगायला नको.

कॉर्बेटने यातून जो सिद्धान्त काढला तो थोरो आणि गांधी यांच्या सविनय कायदेभंगाहून निराळा आहे. सत्याग्रही अन्याय्य कायदा उघडपणे मोडतो आणि शिक्षा पत्करून तो बदलायला लावतो. कॉर्बेट म्हणे, आमचा कायद्याशी तंटा नाहीच. निर्वासितांना आश्रय देण्याचा कायदा देशाने १९८० मध्ये स्वतःच केला आहे, तो मोडते आहे सरकार, आणि आम्ही तो पाळतो आहोत. याला त्याने नागरी पुढाकाराचे तत्त्व म्हटले. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलायचे तर अभयदान हा राजाचा धर्म होता. शिबीने कबुतरासाठी आपले मांस कापून दिले ते राजा म्हणून. जेथे राजा उरला नाही आणि राजपद प्रजेत वाटले गेले, तेथे त्या पदाबरोबर त्याचा धर्मही वाटला गेला असला पाहिजे. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेताचा मालक राखणीला उभा राहतो. त्याला कोणी बंडखोर म्हणत नाही.

यावर होणारा आक्षेप मात्र हलक्याने घेण्याजोगा नाही. २०१८ च्या जूनमध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन येथील भाषणात संत पॉलच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाचा हवाला देऊन सांगितले, की शासनाचे नियम पाळावेत, कारण सुव्यवस्थेसाठी देवानेच शासन नेमलेले आहे. याच इंडियानात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, लेव्ही कॉफिन नावाचा क्वेकर दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना आपल्या घरात आश्रय देत असे, आणि त्यालाही हाच अध्याय ऐकवणारे काही कमी नव्हते. तरी तेवढ्याने आक्षेप निकालात निघत नाही. आपल्या अंतःकरणाला पटेल तोच कायदा पाळायचा असे प्रत्येकाने ठरवले तर काळ्या मुलांना शाळेच्या दारात अडवणारा गोराही आपल्या अंतःकरणाचाच दाखला देणार. आणि कोपऱ्यावरची शिट्टी निष्पाप आईला सावध करते तशी एखाद्या खऱ्या गुन्हेगारालाही करते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की, अंतःकरणाची कसोटी त्याच्या आवेशात नसून त्याची झळ कोणाला बसते यात आहे. शाळेच्या दारात उभा राहिलेला माणूस दुसऱ्याचा हक्क हिरावत होता. शरणागतापुढे उभा राहिलेला स्वतःला पाच वर्षांच्या कैदेच्या धोक्यात घालतो. दुसऱ्या शंकेचे उत्तर बायबलच्या जुन्या करारातच दिलेले आढळते. मोशेच्या विधीत सहा आश्रयनगरे नेमून दिली होती. हातून मनुष्यवध घडलेल्याने तेथे पळून जावे, म्हणजे सूड घेणारा त्याला गाठू शकणार नाही. पण हे अभय निर्दोषत्वाचा दाखला नव्हते. त्याने मंडळीपुढे न्यायासाठी उभे राहावे, आणि जाणूनबुजून वध केल्याचे ठरले तर त्याला सूड घेणाऱ्याच्या हवाली करावे, असाच विधी होता. म्हणजे आश्रयनगराने खुन्याला पाठीशी घातले नाही. सुनावणीपूर्वीच्या शिक्षेला तेवढा पायबंद घातला. रामायणातही बिभीषण शत्रूच्या गोटातून आकाशमार्गे येतो, तेव्हा सुग्रीव त्याला हेर समजून मारायला निघतो, आणि राम त्याच्या निर्दोषत्वाची हमी न देता, तो दुष्ट असला तरीही शरण आल्यावर अभय देणे हे आपले व्रत आहे, असे सांगतो. टूसॉनच्या चळवळीचे फलितही तेच झाले: चर्चसंघटनांनी सरकारवर लावलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड झाली, आणि साल्वाडोर व ग्वाटेमालाच्या फेटाळलेल्या अर्जांची नव्याने सुनावणी करण्याचे सरकारने कबूल केले. दहा वर्षांच्या झगड्यातून अखेर पदरात पडली ती सुनावणीच. आणि मागणीही तेवढीच होती.

राहता राहिला तो कांट आणि कृष्ण यांच्यामधला खरा तंटा. १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यात सहीशिक्क्याचा पकडहुकूम होता, कमिशनरपुढची चौकशीही होती; पण पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नव्हती, आणि कमिशनरला गुलाम मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर, मुक्त केल्यास पाच, अशी दस्तुरी मिळे. जेथे न्यायाचा सांगाडा उरतो आणि आतला प्राण निघून जातो, तेथे सही पाहून दार उघडा म्हणणारे पत्रक निरुपयोगी ठरते, आणि मौनही पुरत नाही. अशा वेळी माझा कौल कृष्णाच्या बाजूला पडतो. परंतु त्याने मौनाला जे पहिले स्थान दिले ते विसरून एकदम त्याच्या दुसऱ्या वाक्याचा आधार घेणे हा लबाडीचा मार्ग आहे. आज न्यायालये मनाईहुकूम देत आहेत, वकील उभे राहत आहेत, चौथी दुरुस्ती जिवंत आहे. तोवर असत्याची मुभा कोणी मागू नये, आणि स्वयंसेवकांपैकी बहुतेकांनी ती मागितलेलीही नाही.

हा विषय आपल्याला परका नाही. ट्रान्सवालमधल्या आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन परवाने घ्यावेत आणि पोलिसाने मागताक्षणी दाखवावेत, या सक्तीविरुद्धच्या लढ्यात १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात हिंदी लोकांनी दोन हजारांवर परवाने कढईत घालून जाळले, आणि तेथेच गांधींच्या सत्याग्रहाची पहिली मोठी परीक्षा झाली. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणून उतरवलेल्या १०४ भारतीयांना प्रवासभर हातापायांत बेड्या होत्या. त्यांत पंजाब, हरियाणा, गुजरात यांच्याबरोबर महाराष्ट्रातलेही काहीजण होते. आणि तरी अमेरिकेत चांगल्या नोकरीवर असलेल्या, व्हिसाचे सर्व दस्तऐवज फायलीत व्यवस्थित लावून ठेवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना, रांगेत उभे राहून आलेले आपण आणि कुंपण ओलांडून आलेले ते यांच्यात मोठे अंतर वाटते. अंतर आहेही, कायद्याच्या दृष्टीने ते क्षुल्लक नाही. परंतु ते अंतर ठरवायचे कोणी, रस्त्यात चेहरा पाहून अंमलदाराने की कागद पाहून न्यायाधीशाने, एवढाच प्रश्न आहे; आणि पहिला पर्याय एकदा मान्य झाला की फायलीतल्या दस्तऐवजांना किंमत उरत नाही, कारण ते पाहायला कोणी थांबतच नाही.

म्हणून शेजाऱ्याच्या दारापुढे उभा राहणारा माणूस त्या शेजाऱ्याच्या निर्दोषत्वाची ग्वाही देत असतो असे मी मानत नाही. पुष्कळदा त्याला त्याचे पुरते नावही ठाऊक नसते. ज्याची बाजू आपल्याला आधीच पटली आहे त्याच्यासाठी सुनावणी मागण्यात धर्माचा कस लागत नाही. तो लागतो ज्याच्याविषयी आपण साशंक आहोत त्याच्यासाठी. कारण न्यायासन उभारले जाते ते शंका आहे म्हणूनच, आणि शंकेच्या वेळी ज्याच्यावर बळ चालवता येते त्याला त्या न्यायासनापर्यंत सुखरूप पोचवणे, हे ज्या समाजात राजाने सोडून दिले असेल तेथे ते शेजाऱ्याचे कर्तव्य आहे.